दूरच्या अरण्याचा जमाखर्च

राष्ट्रीय उद्यानांविषयी जे काही छापून येते, त्यात अलीकडे एक वाक्य हटकून आढळते : यंदा इतक्या लोकांनी भेट दिली आणि त्यामुळे इतक्या कोटींची उलाढाल झाली. वाचणाऱ्याचा समज होतो की अरण्याचे मोल आपल्याला कळले. वस्तुतः कळलेले असते ते एवढेच, की खाणावळवाल्यांच्या, मोटारवाल्यांच्या आणि तिकीटघराच्या गल्ल्यात किती रक्कम पडली. गल्ल्यातील रक्कम आणि मोल या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि अरण्य जितके दूरचे, तितकी त्या दोहोंतील तफावत वाढत जाते. विषय हिशेबाचा असल्यामुळे थोडा रुक्ष वाटेल. परंतु जंगल राहावे की जावे हे अशाच हिशेबांवरून ठरू लागले असल्याने, तो सामान्य नागरिकालाही उलगडता आला पाहिजे.

प्रथम उलाढालीचा भ्रम दूर करू. इंदूरचे एखादे कुटुंब दिवाळीच्या सुटीत कान्हाला गेले आणि तीस हजार रुपये खर्चून परत आले, तर त्यामुळे देशाच्या संपत्तीत तीस हजारांची भर पडली असे होत नाही. ते कुटुंब कान्हाला न जाते, तर त्याच पैशांत महाबळेश्वर पाहून आले असते, नाहीतर घरात नवे कपाट आले असते. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, इतकेच. त्यातून मंडल्याकडच्या एखाद्या वाटाड्याच्या पोटापाण्याची सोय झाली ही चांगली गोष्ट आहे. पण ती मिळकतीच्या वाटणीची गोष्ट झाली, अरण्याच्या मोलाची नव्हे. उलटपक्षी, सरकारने उद्या तिकीट अजिबात काढून टाकले तर मोल शून्य होईल काय? सार्वजनिक वाचनालयात पुस्तक फुकट मिळते, म्हणून ग्रंथ निरुपयोगी ठरत नाही.

मोल शोधावयाचे ते निराळ्या ठिकाणी. माणसाला प्रत्यक्ष जे द्यावे लागले, त्याहून किती अधिक देण्याची त्याची तयारी होती, या फरकात ते असते. उन्हातून आलेला माणूस वीस रुपयांच्या उसाच्या रसाला वेळप्रसंगी तीसही देता. वाचलेले दहा रुपये हा त्याचा खरा लाभ. आपल्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला उपभोक्त्याचे संतोषाधिक्य असे भारदस्त नाव आहे. रसाचा भाव चढला-उतरला की गिऱ्हाईक किती घटते-वाढते हे दुकानदार पाहू शकतो, आणि त्यावरून ही तयारी ताडता येते. उद्यानाचे तिकीट मात्र जवळच्याला आणि दूरच्याला सारखेच. मग ताडावयाचे कशावरून?

हा प्रश्न अमेरिकेत आधी निकडीचा झाला, कारण तेथे धरणाच्या बाजूने आकडे होते आणि दरीच्या बाजूने नव्हते. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हेच हेची नावाची दरी सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी बुडविण्यास १९१३ साली कायद्याने परवानगी मिळाली, आणि १९२३ मध्ये तेथे धरण उभे राहिले. निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांनी त्याविरुद्ध जिवाचे रान केले होते. पण पाणी मोजता येत होते, वीज मोजता येत होती. दरीच्या शोभेला वहीत रकाना नव्हता. आणि ज्या गोष्टीला वहीत रकाना नसतो ती शून्य धरली जाते, हा जगातल्या सर्व कचेऱ्यांचा अलिखित नियम आहे.

पुढे १९४७ साली तेथील राष्ट्रीय उद्यान सेवेने काही अर्थशास्त्रज्ञांकडे विचारणा केली की, उद्यानांपासून जनतेला होणारा लाभ डॉलरांत सांगता येईल काय. हॅरोल्ड हॉटेलिंग या संख्याशास्त्रात आणि अर्थशास्त्रात सारखाच अधिकार असलेल्या विद्वानाने एका छोट्या पत्रात उत्तर धाडले. त्याचा आशय असा : उद्यानाभोवती वर्तुळे काढा. एका पट्ट्यातून येणाऱ्या सर्वांचा प्रवासखर्च जवळपास सारखा असेल. तिकीट एकच असले तरी प्रवासखर्च निरनिराळा आहे. तोच खरा भाव समजा. कोणत्या पट्ट्यातून, लोकसंख्येच्या मानाने, किती माणसे येतात ते मोजा, म्हणजे भाव वाढला असता किती माणसे गळतात ते आपोआप कळेल. १९४९ च्या अहवालात हे पत्र छापले गेले; परंतु सेवेने ती रीत त्या वेळी अंगीकारली नाही. १९५९ मध्ये मॅरियन क्लॉसन यांनी योसेमिटीसारख्या उद्यानांना ती लावून दाखविली, आणि तेव्हापासून प्रवासखर्चाची ही रीत जगभर रूढ झाली.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका अरण्याभोवती तीन शहरे आहेत, प्रत्येकाची वस्ती एक लाख. पहिल्या शहराहून जाऊन येण्यास माणशी एक हजार रुपये पडतात आणि वर्षाला ४०० माणसे येतात. दुसऱ्याहून दोन हजार पडतात आणि ३०० येतात. तिसऱ्याहून चार हजार पडतात आणि १०० येतात. म्हणजे खर्च हजाराने वाढला की शंभर माणसे गळतात, आणि पाच हजारांवर कोणीच येणार नाही. आता पहिल्या शहरातला सर्वांत हौशी माणूस पाच हजारही देता, सर्वांत उदासीन माणूस हजारावरच थांबता. सरासरीने प्रत्येकाला दोन हजारांचे संतोषाधिक्य. चारशे माणसांचे आठ लाख झाले. त्याच हिशेबाने दुसऱ्या शहराचे साडेचार लाख आणि तिसऱ्याचे पन्नास हजार. एकूण तेरा लाख रुपये, हा त्या अरण्याच्या भेटींचा वार्षिक लाभ. तिकिटाचा एक पैसा न धरता तो निघाला, आणि खाणावळीच्या बिलाशी त्याचा संबंध आला नाही. हॉटेलिंगच्या युक्तीची चतुराई यात आहे, आणि तिला दाद दिलीच पाहिजे. वहीत जेथे रकानाच नव्हता तेथे तिने रकाना आखून दिला.

आता हेच अरण्य, त्याच झाडांसह आणि त्याच वाघांसह, उचलून इतके दूर नेऊन ठेवा की तिन्ही शहरांहून माणशी चार हजार पडतील. प्रत्येक शहरातून शंभर, अशी तीनशे माणसे येतील, आणि प्रत्येकाचे सरासरी आधिक्य पाचशे. एकूण दीड लाख. अरण्यातले पानही हलले नाही, पण मोल तेरा लाखांवरून दीड लाखावर, म्हणजे जवळजवळ नवव्या हिश्शावर आले. आणखी थोडे दूर नेऊन खर्च पाच हजारांवर जाऊ द्या, म्हणजे मोल शून्य! ‘दुरून डोंगर साजरे’ ही आपली म्हण. या हिशेबात मात्र डोंगर दूर गेला की तो डोंगरच राहत नाही.

तेव्हा ही रीत मोजते काय, हे ध्यानात घ्यावे. ती अरण्य मोजत नाही. अरण्य आणि आपण यांच्यामधला रस्ता मोजते. आणि त्यातून एक चमत्कारिक उपदेश निघतो. मोल वाढवावयाचे आहे काय? मग खर्च कमी करा. म्हणजे रस्ता रुंद करा, विमानतळ बांधा, उपाहारगृहे काढा. प्रत्येक नव्या सडकेगणिक वहीतले मोल चढत जाईल आणि ज्या एकांतामुळे ते जंगल जंगल राहिले तो एकांत उणा होत जाईल. दूरपणा हा दूरच्या अरण्याचा दोष नसून तेच त्याचे संरक्षण असते, ही गोष्ट त्या वहीला ठाऊक नाही. अमेरिकेतच पाहा : अलास्कातील गेट्स ऑफ द आर्क्टिक हे राष्ट्रीय उद्यान १९८० साली झाले. तेथे ना सडक, ना आखलेली पाऊलवाट. वर्षाकाठी दहा-अकरा हजारांच्या आसपास माणसे पोहोचतात. पूर्वेकडील ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात एक कोटीहून अधिक लोक जातात. भेटींच्या वहीवरून निर्णय करावयाचा, तर पहिल्याची राखण करणे हा उधळेपणाच ठरेल.

रीतीच्या इतर अडचणी थोडक्यात सांगतो. एका प्रवासात माणूस खजुराहो, भेडाघाट आणि कान्हा अशी तीन ठिकाणे पाहतो. मग भाड्याचा कोणता भाग कान्हाच्या नावे टाकावयाचा? वाटेत गेलेल्या दिवसाची किंमत काय धरावी? पुष्कळ अभ्यासक रोजमजुरीचा तिसरा हिस्सा धरतात. पण ज्याला मोटारीतून साल-सागाची राने पाहत जाणे हीच मौज वाटते, त्याचा तो दिवस खर्चाकडे लिहावा की जमेकडे? शिवाय आपल्या व्याघ्र प्रकल्पांत एका दिवशी किती गाड्या सोडावयाच्या याची मर्यादा ठरलेली असते, आणि पावसाळ्याचे तीन महिने गाभा बंद असतो. ती मर्यादा योग्यच आहे. पण त्यामुळे आत गेलेल्यांची संख्या ही लोकांच्या इच्छेची मोजदाद न राहता परवान्यांची मोजदाद होते. परवाना न मिळाल्याने परत फिरलेल्याला वहीत जागा नाही.

आपल्या भागातले उदाहरण घेतल्यास ही विसंगती अधिक स्पष्ट होईल. इंदूरच्या वेशीवर राळामंडळ आहे. होळकरांच्या शिकारीची ती टेकडी, माथ्यावर शिकारखान्याची इमारत, आणि १९८९ पासून अभयारण्याचा दर्जा. क्षेत्र जेमतेम अडीच चौरस किलोमीटर. रविवारी सकाळी घरून निघावे, टेकडी चढावी, जेवणाच्या वेळेला घरी परतावे. कान्हा सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर. गाभ्याचे क्षेत्रच नऊशे चौरस किलोमीटरांच्या वर. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या यादीत आले. कडक भुईवर राहणारा बाराशिंगा १९७० च्या सुमारास साठ-सत्तरांवर येऊन ठेपला होता. तो पृथ्वीच्या पाठीवर टिकला तो कान्हाच्या कुरणांमुळे. आता इंदूरकरांच्या भेटींचा हिशेब मांडला, तर दर हेक्टरी राळामंडळ कान्हाहून मोलाचे ठरणे सहज शक्य आहे. राळामंडळ प्रिय असावेच. शहराला अशी टेकडी हवीच. पण ज्या हिशेबात बाराशिंग्याला तारणारे घर रविवारच्या टेकडीपुढे हलके ठरते, तो हिशेब खोटा नसला तरी अपुरा आहे, हे शाळकरी मुलगाही सांगेल.

अपुरा तो कोठे? जे जात नाहीत, त्यांच्या बाबतीत. १९६७ साली जॉन क्रुटिला या अर्थशास्त्रज्ञाने हे मर्म नेमके पकडले. आपण कधी पाहणार नाही अशी निसर्गाची एखादी अद्भुत जागा शाबूत आहे, एवढ्याच जाणिवेला पुष्कळ लोक किंमत देतात. आणि ती एकदा नष्ट झाली की कोणत्याही कारखान्यात पुन्हा घडविता येत नाही, असे त्याचे म्हणणे. या मोलाला पुढे अस्तित्वमूल्य हे नाव पडले. १९८९ मध्ये एक्झॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याशी फुटले, तेव्हा हा प्रश्न थेट भरपाईच्या दाव्यात उभा राहिला. अलास्का राज्याच्या वतीने देशभरच्या कुटुंबांना विचारण्यात आले की, अशी दुर्घटना पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय द्याल. बहुतेकांनी तो किनारा पाहिलेला नव्हता, पाहण्याचा संभवही नव्हता. तरी उत्तरांची बेरीज निदान २८० कोटी डॉलर निघाली. अशा प्रश्नोत्तरांवर कितपत विसंबावे याबद्दल रण माजले. १९९३ मध्ये केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल पारितोषिक विजेत्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने सांगितले की, कडक पथ्ये पाळल्यास असा अंदाज न्यायालयात विचारारंभाला पुरेसा धरता येईल.

आपल्याकडे तर कोणी प्रश्नावली न वाटताच याची साक्ष मिळाली आहे. केरळातील सायलेंट व्हॅली हे घनदाट अरण्य वीजप्रकल्पासाठी बुडणार होते. तेथे पर्यटक जवळजवळ जातच नसत. हॉटेलिंगची वर्तुळे काढली असती तर ती रिकामीच निघाली असती. पण शाळामास्तर, कवी, विज्ञानप्रसारक, गावोगावचे वाचक असे हजारो लोक त्या न पाहिलेल्या रानाच्या बाजूने उभे राहिले. १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्या लोकांनी सभा, पत्रके आणि पदरचा वेळ यांत जे वेचले, तो त्यांनी न केलेल्या प्रवासाचाच खर्च होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

हे झाले भावनेचे मोल, असे व्यवहारी वाचक म्हणतील. त्यांच्यासाठी इंदूरच्या नळाचा दाखला देतो. १९७० चे नर्मदेच्या पाण्यासाठीचे आंदोलन जुन्या इंदूरकरांच्या स्मरणात आहे, आणि १९७८ साली जलूदहून विंध्याचा घाट चढवून सुमारे सत्तर किलोमीटरांवरून ते पाणी शहरात आले, तो आनंदही आहे. ती नर्मदा वरच्या अंगाला कोठून पाणी गोळा करीत येते? मंडल्यापाशी तिला बंजर मिळते. त्याआधी हालोनचे पाणी बुढनेरमधून तिच्यात उतरते. बंजर आणि हालोन या दोन्ही नद्या कान्हाच्या रानातून वाहतात. नर्मदेच्या अफाट पात्रात त्यांचा वाटा लहानच असणार, आणि जंगल असले की पाणी वाढतेच असेही शास्त्रज्ञ सांगत नाहीत. परंतु झाडे माती धरून ठेवतात, आणि रान तुटले की तीच माती गाळ होऊन खालच्या जलाशयांत येऊन बसते, याविषयी दुमत नाही. म्हणजे जो इंदूरकर आयुष्यात कान्हाला जाणार नाही, त्याच्या घागरीशी कान्हाचा संबंध आहे. तो अरण्याकडे जात नाही. अरण्य त्याच्याकडे येते. या भेटीचा प्रवासखर्च शून्य, म्हणून तिचे मोलही शून्य लिहावयाचे काय?

भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ साली कान्हासह सहा व्याघ्र प्रकल्पांचा असा व्यापक हिशेब मांडला. एकेका प्रकल्पापासून वर्षाला ८३० कोटी ते १,७६० कोटी रुपयांचा लाभ होतो, असा तो अंदाज होता. त्यातील आकड्यांविषयी मतभेद होऊ शकतील. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की कान्हाच्या खात्यात पर्यटनाचा वाटा अगदी थोडका निघाला. जनुकसंपदेचे रक्षण, खालच्या मुलुखाला मिळणारे पाणी, गुरांचा चारा हे रकाने वेगळे मांडल्यावर भेटींचा रकाना आपल्या जागी, म्हणजे एका कोपऱ्यात, जाऊन बसला. न्यूयॉर्क शहराने तर १९९७ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. कॅट्स्किलच्या डोंगरांतून येणारे पाणी गाळण्यासाठी अब्जावधी डॉलरांचे यंत्रगृह बांधण्याऐवजी, त्या डोंगरांतील माती, रान आणि शेती यांची निगा राखण्यास पैसे देण्याचा करार त्याने तिथल्या गावांशी केला. पाहुणा म्हणून न जाता पाणी पिणारा म्हणून पैसे देणे, हा त्यातला विवेक.

एक रकाना मात्र अजूनही रिकामाच राहतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. कान्हाच्या गाभ्यातून गेल्या अर्धशतकात अनेक गावे उठविली गेली. त्यांत बैगा आणि गोंड कुटुंबे होती. ज्याचे घरच अरण्यात, त्याला प्रवासखर्च कोठला? आणि देण्याची तयारी विचारावी, तर ज्याच्या कनवटीला काही नाही तो काय देणार? प्रवासखर्चाची रीत ज्याची थैली मोठी त्याच्या आवडीला अधिक वजन देते. विमानाने आलेल्या पाहुण्याच्या एका सकाळीपुढे बैग्याच्या पिढ्यान् पिढ्यांचे वास्तव्य तिच्या तराजूत चढतच नाही. वाघासाठी जागा मोकळी करणे आवश्यक होते की नव्हते, हा वाद येथे उकरीत नाही. परंतु लाभाच्या बेरजेतून त्यांचे नुकसान वजा न करता काढलेला आकडा हा जमेचा आकडा आहे, शिलकेचा नव्हे, एवढे तरी छापावे.

मग हिशेब सोडून द्यावा काय? मुळीच नाही. हिशेब नव्हता म्हणून हेच हेची बुडाली, हे विसरता कामा नये. ‘अरण्य अमोल आहे’ असे म्हणून हात जोडणारा आणि ‘अरण्य कवडीमोल आहे’ असे म्हणून कुऱ्हाड उचलणारा, दोघांच्याही वहीचे पान कोरेच असते. आणि कोऱ्या पानावर सही नेहमी दुसऱ्याची होते. प्रवासखर्चाची रीत नजीकच्या उद्यानासाठी, शहरालगतच्या टेकडीसाठी, तिकिटाचा दर ठरविण्यासाठी उत्तम आहे. राळामंडळाला ती खुशाल लावा. दूरच्या अरण्याला लावताना मात्र तिच्याकडून मिळते ते मोलाचे तळचे टोक आहे, निदान इतके तरी आहेच एवढेच ती सांगते, असे बजावूनच लावावी.

यासाठी वाचकांनी एक सवय लावून घ्यावी. यापुढे अमुक उद्यानाचे मोल अमुक कोटी असे छापून आले, की तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा गल्ल्याचा आहे की लाभाचा? जे गेले नाहीत, पण ज्यांना ते रान हवे आहे किंवा ज्यांच्या घरी त्याचे पाणी पोहोचते, ते यात धरले आहेत काय? आणि ज्यांचे यात गेले, ते वजा केले आहे काय? तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले तर आकडा जपून ठेवावा. न मिळाले तर त्याला जाहिरात समजावे. आणि इंदूर महापालिकेच्या पाणीपट्टीत जलूदच्या पंपांच्या विजेचा खर्च जसा बिनतक्रार मोजला जातो, तसा नर्मदेच्या वरच्या अंगाची राने आणि तेथील माणसे राखण्यासाठी एक लहानसा रकाना असावा, असे आम्ही सुचवितो. रक्कम थोडी असली तरी चालेल. ज्यांनी कान्हा कधी पाहिले नाही अशा लाखो माणसांची सही त्या रकान्यावर असेल, आणि आजवर कोणत्याही वर्तुळात न सापडलेले मोल निदान एका वहीत तरी नोंदले जाईल.